कोरियन मुंज्याची सोयरीक

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

बदनापूर
माघ वद्य पंचमी

तीर्थरूप गोपिका आत्याबाई यांच्या चरणी सून केशर हिचा डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (पत्रात टेकवता येत न्हाईत, पण टेकले असं समजावं.)

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी आता वाचायला मोकळीक दिली असं ह्यांच्याकडून कळलं, म्हणून मुद्दाम ठळक पेनानं आणि एक ओळ सोडून लिहून राह्यले, म्हणजे "दिसलं न्हाई" असं म्हणायची वेळ तुमच्यावर येऊ नये. (कागद जास्ती लागला. पाठपोट लिहिलंय, शाई पलीकडं उमटली असेल तर उजेडाकडं धरू नका, दोन्ही बाजूंचं एकदम दिसतं.) ह्यांचा गुडघा होता तसाच आहे. बरा व्हायलाबी तयार न्हाई आणि दवाखान्यात यायलाबी. फोन का न्हाई केला म्हणाल, तर तुम्ही फोनवर बोलता ते मंठ्यात तुमच्या गल्लीला ऐकू जातं, आणि तुम्हाला ऐकू यावं म्हणून मी बोलते ते इथं आमच्या गल्लीला. हा विषय दोन्ही गल्ल्यांचा न्हाई.

तुम्ही निरोपात दोन गोष्टी विचारल्या. एक, वडीगोद्रीच्या रामप्रसादच्या स्थळाला आम्ही जबाब कधी देणार. हायवेला दुकान आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, त्याचे लोक किती दिवस थांबतील. दुसरी, आपली रेणू कोरियाची सिरियल बघून बिघडली आणि तिच्या संगतीनं तिची आईबी बघून राह्यली, हे खरं का. दुसऱ्याचा जबाब आधी देते, कारण तो लांब आहे. पहिल्याचा दुसऱ्यातूनच निघेल.

आत्याबाई, बघितली हे खरं. सोळाच्या सोळा भाग बघितली. पण आधी तपासणी म्हणून बघितली. दिवाळीत शेजारच्या पुष्पाबाईंच्या मुलाची, परमेश्वराची सोयरीक आल्ती, तुम्ही चौकशी केली, त्यांचं देवक कळंब निघालं, आपलंबी कळंब. ज्या झाडाची डहाळी लग्नात पुजायची ते झाड एक असलं की पोरगा-पोरगी भाऊ-बहीण, तिथं सोयरीक बंद, हे मला तुम्हीच शिकवलं. तुम्ही "न्हाई" म्हणालात, मी रेणूला "न्हाई" सांगितलं, रेणूनं "बरं" म्हटलं. तिच्या "बरं"चीच मला भीती वाटली. ही पोरगी भाजीत मीठ कमी पडलं तर अर्धा तास भांडते. त्यानंतर ती मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसायची, कानात वायरी घालायची आणि टिपं गाळायची. विचारलं तर म्हणे सिरियलमुळं. म्हटलं, आपल्या पोरीला कोण रडवून राह्यलं, त्याचं तोंड तर बघू.

आता मोबाईल एवढासा, त्यात तोंड बघायचं म्हटलं तरी नाकच दिसतं. टीव्ही आपल्याकडं मोठा आहे, पण त्यावर ती सिरियल यायला महिन्याचे पैसे भरावे लागतात, आणि नाचगाण्याला पैसे भरायची आपल्या घराची रीत न्हाई. पुष्पाबाईंकडं परमेश्वरानं पैसे भरलेले, पण त्यांचा टीव्ही पोळ्याच्या दिवशी जळाला. म्हणजे त्यांच्याकडं प्राण होता, आमच्याकडं कुडी. पण दिवाळीपासून दोन घरांत बोलणं न्हाई. शेवटी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आल्या (आमंत्रण मीच दिल्तं, सवाशिणीला वगळायचं कसं), तिळगूळ घेतला, वाण म्हणून दिलेली प्लास्टिकची गाळणी उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "केशरबाई, गोड बोला म्हणता, मंग टीव्ही तरी लावा." दुसऱ्या दिवसापासून दुपारी भांडी झाली की पुष्पाबाई, मी आणि समोरच्या दुर्गाबाई, अशा तिघी टीव्हीपुढं. एकच अडचण. सिरियल लागायच्या आधी परमेश्वराच्या मोबाईलवर चार आकडे यायचे, ते टाकल्याशिवाय पडदा उघडायचा न्हाई. तो असतो शेती केंद्रात ड्यूटीवर. मंग रेणूनं रोज त्याला फोन लावून आकडे विचारायचे. सोळा भाग, सोळा फोन. चार आकडे सांगायला कितीक वेळ लागतो? पण एकबी फोन दहा मिनिटांच्या आत संपला न्हाई. मी दहावी पास, गणितात दीडशेपैकी एकशे तेरा, तरी हा हिशोब माझ्या ध्यानात सोळाव्या फोननंतर आला.

आता गोष्ट सांगते. सगळे हिंदीत बोलतात, पण तोंडं हलतात वेगळी. सातशे वर्षांपूर्वी एक माणूस राजाच्या बागेचा राखणदार होता. राजा म्हणाला, डोंगरावरचं जुनं झाड तोड. हा म्हणाला, न्हाई तोडत. राजानं त्याला झाडालाच बांधून मारलं, आणि झाडानं त्याला पोटात घेतलं. तवापासून तो झाडात राहतो, वय वाढत न्हाई, केस मात्र कपाळावर येतात ते सातशे वर्षांत कुणी कापले न्हाईत. त्याचं नाव आमच्या तिघींच्या तोंडात बसेना. एवढ्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करावं वाटेना, म्हणून आम्ही त्याला अण्णासाहेब म्हणतो. पोरीचं नाव ठेवलं दैवशाला, कारण तिच्या मागं दैव हात धुऊन लागलंय: आईबाप न्हाईत, खानावळ चालवते, भाडं थकलंय, आणि अण्णासाहेब सुरुवातीला फक्त तिलाच दिसतात.

दुर्गाबाईंनी पहिल्याच दिवशी अण्णासाहेबांचे पाय बघून घेतले. सरळ होते. म्हणजे भूत न्हाई. देव म्हणावं तर नैवेद्य न्हाई, आरती न्हाई, झाडाला साधा पार न्हाई. (सातशे वर्षांत एक पार बांधला न्हाई त्या गावानं. आपल्याकडं दोन निवडणुकांत बांधून वर नाव टाकलं असतं.) मंग दुर्गाबाई म्हणाल्या, "बाई, बिनलग्नाचा मेला, झाडावर राहतो, पोरींच्या मागं फिरतो. हा मुंजा आहे." आणि बराबर होतं ते. आपल्याकडं मुंज्याला नारळ देऊन वाटेला लावतात. हे लोक त्याला अंगभर कोट शिवून देतात आणि सोळा भाग काढतात.

निष्पक्षपणानं सांगायचं तर काही गोष्टी मला बिलकुल पटल्या. घरात जोडे घालून कुणी येत न्हाई. मोठ्या माणसाला काही द्यायचं तर दोन्ही हातांनी देतात, वाकून देतात. (आमच्याकडं ह्यांच्या पुतण्यानं परवा मला एका हातानं चहाचा कप दिला आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा फोटो काढला.) शेवया पातेल्यातून थेट खातात, आणि झाकणाचीच ताटली करतात. एका माणसामागं एक ताटली धुवायची वाचते. मी दोन दिवस करून बघितलं, पण ह्यांनी झाकणावर वरण घेतलं आणि धोतर धुवायला लागलं, तवा तो खर्च तिकडून इकडं आला. आणि हात धरायला आठ भाग घेतात. आठ! आपल्या सिरियलीत आठ भागांत लग्न, सवत आणि खून होऊन जातो.

न पटलेलं सांगते. दैवशाला हिरव्या बाटलीतलं पिते आणि मंग अण्णासाहेब तिला पाठकुळी घेऊन डोंगर चढतात. बाईमाणसानं प्यावं का, हा एक प्रश्न. सातशे वर्षांच्या माणसानं पाठीवर वजन घ्यावं का, हा दुसरा. दोघांकडं मिळून अकरा कोट आहेत (मोजले), पण छत्री एकच. अन्‌ नवव्या भागात जे व्हायचं ते झालं. आम्ही तिघी एकदम कामाला लागलो. दुर्गाबाईंनी निवडलेल्या शेंगा परत निवडायला घेतल्या, पुष्पाबाईंनी डोळे मिटून जप धरला, मी उठून देवघराचा पडदा ओढला. पडदा ओढून आले तरी तेच चालू. इतकं सावकाश काढलंय, की पडदा धुऊन वाळत घातला असता तरी चाललं असतं. हे मागं खुर्चीवर पेपर वाचत होते, चार दिवसांपूर्वीचा.

आणखी एक. अण्णासाहेब खोटं बोलले की त्यांच्या झाडाचं एक पान गळतं, आणि शेवटचं पान गळलं की खेळ खलास. सुरुवातीला पानं चाळीस. मी घरखर्चाच्या वहीच्या मागल्या पानावर रेघा ओढत गेले. बाराव्या भागापर्यंत चौतीस खोटं झालं, म्हणजे सहा पानं उरायला पाहिजेत. पडद्यावर तीनच! तीन पानांचा हिशोब कुणीच दिला न्हाई. रेणू म्हणाली, "आई, तीन वेळा तो मनात खोटं बोलला असेल." मनातलं धरायचं ठरलं तर, आत्याबाई, आपल्या दोन घरांच्या अंगणात एक पान राहणार न्हाई.

आता मुद्द्याची गोष्ट. पाचव्या भागात कळलं की दैवशाला तान्ही असताना कुठं सापडली, तर त्याच झाडाखाली, मुठीत त्याच झाडाचं पान. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, देवक एक!" अण्णासाहेबांचं झाड तेच, हिचं झाड तेच. म्हणजे भाऊ-बहीण की! म्हटलं आणि जीभ चावली, कारण शेजारी पुष्पाबाई. त्या पडद्याकडं बघतच म्हणाल्या, "असंच असतं बाई. आमच्या परमेश्वराचंबी असंच झालं. फरक इतकाच, त्याला सातशे वर्षं थांबायची सोय न्हाई." तिथून पुढं आम्ही तिघी रोज वाट बघायलो, की आता तरी कुणी वडीलधारं देवक विचारील, आता विचारील. सहावा गेला, दहावा गेला. कुणी विचारीना! सूट-बूट घातलेले म्हातारे, कपाळाला आठ्या घातलेल्या मावश्या, सगळे भाडं विचारतात, नोकरी विचारतात, पगार विचारतात, झाडाचं कुणी काढत न्हाई. पहिल्यांदा मला त्यांचा राग आला. मंग भीती वाटायला लागली, की खरंच कुणी विचारलं तर या दोघांचं कसं व्हायचं. मी एका सोमवारी महादेवाला बेल वाहताना त्यांच्या नावाचं एक पान जास्ती वाहिलं. (हे ह्यांना माहीत न्हाई. तुम्हीबी सांगू नका.)

पंधराव्या भागात त्याच झाडाखाली लग्न मांडलं. मांडव न्हाई, वाजंत्री न्हाई, वऱ्हाड मोजून नऊ. दैवशाला पांढऱ्या कपड्यात उभी (पांढऱ्या! पण तो वाद आता नको), अण्णासाहेबांचे डोळे भरलेले. तेवढ्यात पुढल्या रांगेतली एक म्हातारी उठली. पिकलेले केस, काठी, तिथल्या एका देवळाची कर्ती बाई. ती तुमच्यासारखी दिसते असं मी म्हटलं न्हाई, ते दुर्गाबाई म्हणाल्या. तिनं हात वर केला. झालं, मी म्हटलं, आली घटका, आता ही विचारणार. आणि आत्याबाई, मला काय झालं मला कळलं न्हाई, मी उठून टीव्हीवर ओरडले, "ए म्हातारे, खाली बस! इतक्या दिवस कुठं गेल्तीस? पोरं उभी राह्यल्यावर देवक काढतीस व्हय? असेल एक झाड! पडू दे की अक्षदा!"

म्हातारी आशीर्वाद द्यायला उठली होती. तिनं दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि काठी टेकत खाली बसली. देवक-बिवक तिच्या गावीबी नव्हतं.

मी अजून उभीच. मागं वळले तर दारात रेणू, हातात चहाचा ट्रे. मला वाटलं हसेल. ती हसली न्हाई. म्हणाली, "मंग दिवाळीत ही आई कुठं गेल्ती?" ट्रे तिथंच ठेवला आणि आत गेली.

दुर्गाबाई शेंगांकडं बघत म्हणाल्या, "मुंज्याला चाललं. परमेश्वरानं काय घोडं मारलं?" पुष्पाबाईंनी आत आवाज दिला, "रेणू, चहा गार होऊन राह्यला गं. ये बाहेर. तुझी आई आत्ता आलीय." आणि ह्यांनी चार दिवसांपूर्वीचा पेपर घडी करून ठेवला, आणि चष्मा पुसायला घेतला तो बराच वेळ पुसला.

सोळावा भाग सांगण्यासारखा न्हाई. ट्रक येतो, दैवशालेला काही आठवत न्हाई. (आपल्या हायवेला दिवसाला हजार ट्रक जातात, आजवर एकाचीबी आठवण गेली न्हाई. उलट कुणाच्या ट्रकनं कुणाची म्हैस उडवली ते वीस वर्षं आठवतं.) शेवटचं पान गळतं, अण्णासाहेब मरायच्या ऐवजी साधे माणूस होतात, त्यांना पहिली सर्दी होते आणि दैवशाला त्यांना तीच खानावळीतली शेवयांची कढत वाटी देते, आठवत नसताना, दोन्ही हातांनी. तिथं मात्र आम्ही तिघी रडलो. पुष्पाबाईंनी माझ्याच पदराला नाक पुसलं.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा जबाब: सिरियल लांबट आहे, हिशोबात कच्ची आहे, एक भाग देवापुढं बघण्यासारखा न्हाई, पण त्यानं पोरगी बिघडत न्हाई. आई थोडी बिघडते.

डोळ्यात औषध वेळेवर घालत जा, धुरापुढं बसू नका, आणि उपवासाला भगर खाल्ली की वर थंड पाणी पिऊ नका, मागल्या वेळी त्रास झाल्ता. घरातल्या लहानमोठ्यांना यथायोग्य.

तुमची आज्ञाधारक (आजवर),
केशर

ता. क. वडीगोद्रीचं लिहायचं राहिलं. रामप्रसाद भला मुलगा आहे, त्याला भली पोरगी मिळो. आमच्याकडून "न्हाई" कळवावं.

ता. क. दुसरं. माझं लग्न तुमच्या दारात झालं, त्याला सव्वीस वर्षं झाली. देवक तुम्ही बसवलं होतं. मी हळद लागून शेजारच्या खोलीत बसले होते, मधी नुसता बांबूचा तट्ट्या. कारभारी भाऊजी कळंबाची डहाळी आणायला सायकलवर गेल्ते ते उन्हं चढल्यावर आले, म्हणाले, "आत्या, तीन गावं फिरलो, कळंब न्हाई, हा आंबा आणला." तुम्ही म्हणालात, "बांध मुहूर्तमेढीला. भाव तिथं देव. कुणाला बोलू नको." भाऊजी बोलले न्हाईत, गेले बिचारे तसेच. मीबी नवी नवरी, बोलायची सोय नव्हती. आजवर कुणालाच बोलले न्हाई, ह्यांनाबी न्हाई. सव्वीस वर्षं संसार आंब्यावर चाललाय आणि गुडघा सोडला तर बराबर चाललाय. पुष्पाबाईंच्या घरीबी कळंब कुणी डोळ्यानं बघितला न्हाई, तेबी कळंबाच्या जागी पाच झाडांची पानंच पुजत आलेत. तुमच्या हातची दोन ओळींची चिठ्ठी पाहिजे, "हरकत न्हाई" एवढीच. कारण द्यायची गरज न्हाई. सुपारी फाल्गुन शुद्ध द्वितीयेला फुटणार आहे, चिठ्ठी आली तर चिठ्ठीनं, न्हाई आली तर आंब्याची गोष्ट सांगून.

ता. क. तिसरं. वरची सुपारीची तारीख खोटी आहे, आणि आंब्याची गोष्ट मी कुणाला सांगणार न्हाई, भवानीची शपथ. दोन्ही लिहिलं तवा मला जोर आल्ता, आता पाकीट चिकटवताना उतरला. खरं असं आहे की मी तयार आहे, हे तयार आहेत, पुष्पाबाई तर केव्हाच्या तयार, आणि रेणूच अडून बसलीय. म्हणते, आत्याआजीनं मला जन्मल्यावर पहिल्यांदा मांडीवर घेतलं, तिनं "न्हाई" म्हटलेलं तिनंच काढून घेतल्याशिवाय मी पाटावर बसणार न्हाई. आमच्या होकाराला ती धरतच न्हाई. परवापासून परमेश्वराला फोनबी लावला न्हाई तिनं. तेव्हा पंचांग तुमच्याकडं आहे, दिवस तुम्हीच काढा, आणि तिला एकदा फोन करा. कितीबी मोठ्यानं बोला. दोन्ही गल्ल्यांना ऐकू गेलं तरी चालेल.